माझी हिरवी वायर

मित्रांनो, पंपांच्या कारखान्यात चाचणीची एक खोली असते. तिथला मी एक जुना, पत्र्याचा डबा आहे. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे, तरी सांगतो. मोटर किती तापली, पाण्याचा दाब किती, हे तारांमधून माझ्याकडे येतं. मी त्याचे आकडे करून संगणकाला देतो.

नवा होतो तेव्हा माझं कौतुक झालं. पुढे माझे आकडे नाचू लागले. गार मोटर तापली म्हणून सांगायचो. वायरिंग बघणाऱ्या मामांनी माझं नावच ‘थापाड्या’ ठेवलं. खरं तर मोटरीकडून माझ्याकडे येणाऱ्या तारेभोवतीची धातूची जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडली होती आणि त्या फेऱ्यात नको ती वीज फिरत होती.

एके दिवशी वैतागून मामांनी माझी हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगच, काढून टाकलं. आकडे लगेच शांत झाले.

“बघ, कसा सरळ आला!” मामा भाचीला म्हणाले. ती तिथेच मोटरी तपासायची.

“काय केलंस रे मामा?”

“हातगुण म्हणतात याला!”

पण माझ्या पोटातल्या एका वायरचं आवरण झिजलं होतं आणि ती पत्र्याला टेकली होती. हिरवी वायर असती, तर वीज जमिनीत गेली असती आणि स्विच आपोआप पडला असता. आता ती वीज माझ्या अंगात दबा धरून बसली. मला ओरडता येत नव्हतं.

फरशी ओली होती. मामा अनवाणी आले. मला शाबासकी द्यायला त्यांनी हात उचलला.

“मामा, हात मागे!” भाची किंचाळली. तिला लोंबणारी हिरवी वायर दिसली होती. मामांचा हात बोटभर अंतरावर थांबला. कोरड्या स्टुलावर उभं राहून तिने मला टेस्टर लावला. दिवा पेटला. तिने धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

“आईला काय सांगितलं असतं मी?” ती मामांना म्हणाली.

“आत्ताही सांगू नकोस. आधीच मला धांदरट म्हणते ती.”

दोघं रडता रडता हसली.

मग झिजलेली वायर बदलली. हिरवी वायर पुन्हा घट्ट बसवली. जाळी मोटरीकडून सोडवून फक्त माझ्याकडे जोडली. मेन स्विच पुन्हा लावला, तरी आकडे शांतच राहिले! मामांनी आधी टेस्टर लावला, मग अख्खा तळवा माझ्या पाठीवर ठेवला. किती हलकं वाटलं मला!

मित्रांनो, यंत्र चुकलं तर जाणत्या माणसाला दाखवा, पण त्याचं अर्थिंग कधी तोडू नका.

मामांनी बहिणीला फोन लावला. “ताई, जेवायला येतोय आम्ही.” तिने विचारल्यावर म्हणाले, “हो गं, दोघंही.”