सवतीचा सिनेमा

पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सत्य घटनेवर आधारित. त्या सत्य घटनेत मोतद्दाराची घोडी हरली होती, म्हणून तो सिनेमा बघायला जाणार नव्हता. सगळं शहर लोटलं तरी नाही. बायको शेजारणीबरोबर जाऊन नाक लाल होईपर्यंत रडून आली, तरी नाही.

"अहो, एकदा बघा तरी."

"मी तिथं होतो. फुकटात बघितलंय."

"मग आता तिकीट काढून बघा."

तो आता मोतद्दार राहिलाही नव्हता. एका इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा, गाडी आली की आडवा दांडा वर करायचा, गेली की खाली. पण ज्यानं जन्मभर घोडे सांभाळले त्याला लोक दुसरं काय म्हणणार? मोतद्दारच म्हणत.

घटना सगळ्यांना पाठ होती. वाकड्या पायाचा एक तांबडा घोडा, कुणी दारात उभा न केलेला, मोठ्या शर्यतीत उतरला आणि सगळ्यांच्या लाडक्या घोडीला मागं टाकून गेला. ती लाडकी घोडी मोतद्दाराची. कागदावर मालकाची, पण मालक तिला फोटोपुरता भेटायचा. शिंगरू होती तेव्हापासून तिचा खरारा, तिचा चारा, तिचा ताप, तिचे नखरे, सगळं मोतद्दाराकडं. घरी यायचा तो अंगाला तिचा वास घेऊन. बायको तिला सवत म्हणायची. "सवत जेवली का? मग तुम्हीही दोन घास घ्या."

ती का हरली? दुसरा जास्त जोरात पळाला म्हणून. यात ना कुणाचं पाप, ना कुणाचा कट. पण मालकाला हरलेलं जनावर डोळ्यांसमोर नको होतं. दुसऱ्या सकाळी मोतद्दार गेला तर ठाण रिकामं. आता तबेल्याचा एक नियम असतो. रिकाम्या ठाणाबद्दल विचारायचं नाही. विकली, दिली, मारली, काहीही असो, विचारायचं नाही. ठाण धुवायचं, चुना मारायचा, पुढचं जनावर बांधायचं. कारण उत्तर ऐकलेल्या माणसाला उद्या पुन्हा कामावर येववत नाही, आणि पोट तर उद्याही असतंच. मोतद्दारानं ठाण धुतलं, चुना मारला, बादली तिथंच ठेवली आणि कायमचा निघून आला. पण नियम त्यानंही पाळला. इतक्या वर्षांत एकच गोष्ट आतून कुरतडत होती, ती जिवंत आहे का, आणि तीच त्यानं कुणाला विचारली नाही.

शेवटी बायकोनं तिकिटंच आणून ताटाशेजारी ठेवली. "येणार नसाल तर समोरच्या म्हाताऱ्याला नेईन. त्याला अजून दात आहेत."

मोतद्दार गेला.

थिएटर गच्च भरलं होतं. पडद्यावर त्याची घोडी म्हणजे लाल डोळ्यांचा काळाकुट्ट घोडा झाली होती, आणि तिचा मोतद्दार दारू ढोसून चाबूक ओढत होता.

"हा मी?" तो कुजबुजला.

"गप बघा. मिशी बरी आहे."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली, आणि ती रास्तच होती. शेवटी जिंकलेल्या कमजोराचाच सिनेमा निघतो. न जिंकलेले कमजोर ढिगानं असतात, त्यांच्यावर कोण कॅमेरा लावतो? आणि समोर बसलेली ही सगळी गर्दी त्यांचीच. साहेबाच्या शिव्या खाऊन आलेले, कुणी सोडून गेलेले, भावंडांत डावे ठरलेले. अंधारात बसून जो तो वाकड्या पायानं पळत होता. त्यांचं काय चुकलं? दोन तास तरी जिंकावं माणसानं.

मग तांबडा घोडा पहिल्यांदा पडद्यावर जवळून दिसला, आणि मोतद्दार खुर्चीत पुढं सरकला.

कथेतला नायक थकून गवताच्या भाऱ्यावर बसला होता. घोडा मागून आला, त्यानं नायकाच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि शर्टाची कॉलर ओठांत धरून हळूहळू चघळायला लागला. थिएटरभर "अय्या" झालं. हे असं घोड्याला कुणी शिकवत नाही. डावीच कॉलर, आणि चघळताना डोळा अर्धा मिटलेला.

मोतद्दारानं बायकोचा हात धरला. तो हात आधीच त्याच्याकडं आलेला होता.

पुढचा सिनेमा त्यानं बघितला नाही, तांबड्या घोड्याच्या सोंगातली आपली घोडीच बघितली. पाय वाकडा दिसावा म्हणून त्यांनी तिला पट्टी बांधली होती, मानेवर खोटा डाग रंगवला होता. तिच्या अंगावर मांस होतं. कान ताठ होते. शेवटची शर्यत आली तसं सगळं थिएटर उभं राहिलं आणि मोतद्दारही उठला. काळा घोडा, म्हणजे ज्याला लोक त्याची घोडी समजत होते तो, पुढं होता. मोतद्दार घसा फोडून ओरडला, "चल गं माझी बाय! चल!"

पुढच्या रांगेतला माणूस वळला. "काका, घोडा आहे तो."

"तुझ्या डोळ्यांत माती. घोडी आहे ती!"

ती जिंकली. मोतद्दार खाली बसला आणि पोरासारखा हुंदके देऊन रडला. आजूबाजूचेही रडत होते, त्यामुळं कुणाला त्यात विशेष वाटलं नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुला ठाऊक होतं."

"ठाऊक कुठलं? मला सगळे घोडे सारखेच. पण तुमच्या डाव्या कॉलरी शिवून शिवून माझी बोटं सोलली होती हो. वाटलं, तीच असेल. आणि नसली तर? बोलून तुम्हाला आशेला लावायचं आणि मग तोंडावर आपटायचं? म्हटलं, तुमचं तुम्ही बघा."

तिथंच फुटपाथवर त्यानं तबेल्यातल्या जुन्या नालबंदाला फोन लावला. सिनेमाला घोडे पुरवणाऱ्या सगळ्यांच्या घोड्यांना नाल तोच मारायचा.

"हो की, तीच ती," नालबंद सहज म्हणाला. "शहराबाहेर एक बाई आहे, तिच्याकडं. मालकानं दलालाला दिली, दलालाकडून हिनं घेतली. मी दर खेपेला नाल मारतो तिला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

मोतद्दाराला त्याला शिवी द्यायची होती. दिली नाही. शिवी ज्याला लागू पडत होती तो फोनच्या या टोकाला होता.

सुट्टीच्या दिवशी दोघं टॅक्सी करून गेले. पत्र्याची लांब शेड, पुढं मोकळं रान. घोडेवाली बाई हातात चाऱ्याची पाटी घेऊनच बोलली, "शेवटच्या ठाणात आहे. म्हातारी झालीय, पण ताठा गेला नाही बयेचा."

घोडी त्यांच्याकडं पाठ करून खात होती. मोतद्दार बाजूनं पुढं गेला, हात पुढं केला. तिनं तो हुंगला. बराच वेळ हुंगला. मग फुर्र करून नाक उडवलं, तोंड फिरवलं आणि पुन्हा गव्हाणीत घातलं.

बायकोला ते लागलं. "अहो, ओळखलं नाही मेलीनं! इतकं केलंत तिचं..."

"खातेय बघ कशी," मोतद्दार म्हणाला.

"खातेय काय! तुम्हाला ओळखलं नाही तिनं."

"नाही ओळखलं तर नाही. ती शर्यत, तो मालक, तो दलालाचा ट्रक. त्यातलं काही तिच्या लक्षात नसेल तर माझ्यासकट जाऊ दे सगळं." त्यानं तिच्या पाठीवरून उलटा हात फिरवला आणि धुळीनं भरलेला पंजा घोडेवालीला दाखवला. "बाई, खरारा कुठं ठेवता तुम्ही?"

"खुंटीवर आहे. पण नवख्याला हात लावू देत नाही ती."

"नवखा आहे म्हणूनच विचारतोय. होईल सवय."

त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या. पहिल्या हाताला घोडी आक्रसली, दुसऱ्याला नुसती कातडी थरथरली, आणि मग ती खातच राहिली. बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला.

"थांबायला सांगू त्याला?" बायकोनं विचारलं.

"जाऊ दे त्याला," मोतद्दार म्हणाला. "अजून एकच बाजू झालीय."

बायकोनं रिकामी बादली पालथी घातली आणि ऐसपैस बसली.