मुखपृष्ठावरची लीना

कादंबरी सुपरमार्केटच्या चेकआउटवर काम करायची. तिच्या शेजारीच साप्ताहिकांचा रॅक होता. कुणाचा घटस्फोट, कुणाचं लपवलेलं मूल, कुणाच्या आयुष्याचे शेवटचे सहा आठवडे. ब्रेकमध्ये ती एखादा अंक वाचून काढायची आणि ऑस्ट्रेलियातल्या मॉसन लेक्स या उपनगरातल्या भाड्याच्या घरी आली की लीनाला तिखटमीठ लावून सांगायची. दोघी पुण्याच्या, इथे एकाच युनिव्हर्सिटीत. लीना नर्सिंग शिकत होती, वृद्धाश्रमात शिफ्ट करत होती.

"यातलं एक तरी खरं असतं का गं?" लीना हसत विचारायची. आणि लगेच, "बरं, पुढे काय झालं?"

२०२०च्या जुलैत लीनाच्या वृद्धाश्रमात तिघांना कोविड झाला. लीनाही पॉझिटिव्ह निघाली. तिला हॉटेलात क्वारंटाइन केलं, कादंबरीला घरातच चौदा दिवस. त्या दिवसांत वृद्धाश्रमातल्या एक आजी गेल्या.

कादंबरी कामावर परतली तेव्हा रॅकवर नवा अंक लागला होता. मुखपृष्ठावर पिवळ्या साडीतली, हात उंचावून नाचणारी लीना. वर मोठ्या अक्षरांत: 'ती नाचली, आजी गेल्या!'

हा फोटो कादंबरीनेच काढला होता, आदल्या वर्षी, एका मैत्रिणीच्या हळदीत. तिच्याच फेसबुकवरून उचललेला. हे तिला पाहताक्षणी कळलं. तरीही ब्रेकमध्ये तिने पान उलटलं. खोकला असूनही लीना शनिवारी पार्टीला गेली, टेस्ट टाळली, असं 'शेजाऱ्यांनी सांगितलं' होतं. कादंबरीने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्या शनिवारी ती स्वतः कामावर होती. लीना घरी कधी आली, तिला आठवेना.

"शॉकिंग, नाही?" अंक पुढे सरकवत एक बाई म्हणाल्या.

"येस," म्हणत कादंबरीने तो स्कॅन केला.

संध्याकाळी तिने अजून हॉटेलातच असलेल्या लीनाला फोन लावला. कशी आहेस वगैरे झालं. मग न राहवून तिने विचारलं, "त्या शनिवारी तू... खरंच गेली होतीस का गं?"



"डबल शिफ्ट केली मी त्या दिवशी," लीना म्हणाली. "त्या आजींना भरवत होते. आणि फोटो तू काढलायस, कादंबरी. तू."

फोन बंद झाला.

कादंबरीने फेसबुकवरचा हळदीचा अल्बम काढून टाकला, पण तोवर फोटो सगळीकडे पसरला होता. लीनाला अनोळखी लोक शिव्या पाठवत होते. वृद्धाश्रमाने 'सध्या येऊ नकोस' म्हणून कळवलं. कादंबरीने साप्ताहिकाला लांबलचक ईमेल केला. आपोआप पाठवलं जाणारं आभाराचं उत्तर आलं. पुढच्या अंकावर एका नटाचं भांडण होतं.

कादंबरी शिफ्टला गेलेली असताना लीना येऊन सामान घेऊन गेली. कोर्स अर्धवट टाकून सप्टेंबरच्या विमानाने ती पुण्याला परतली. कादंबरीचे मेसेज तिने उघडलेही नाहीत.

शेवटी कादंबरीने लीनाच्या आईला, नीलाकाकूंना, फोन केला.

"ती खोलीतून बाहेर येत नाही गं," काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "नातेवाइकांच्या ग्रुपवर आलंय ते सगळं. तू सोबत राहायचीस. मला एकदा खरं सांग, ती गेली नव्हती ना पार्टीला?"

"नाही, काकू. खरंच नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. पण त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे कादंबरीला तेवढ्यावरूनच कळलं.