खुर्चीसकट मुदतवाढ

कटिंग मास्तरांनी निवृत्तीचा अर्ज पुढे केला, तर मॅनेजर चक्क हात जोडून म्हणाला, "मास्तर, आणखी दोन वर्षं थांबा. बसून कापायला उंच खुर्ची देतो."

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. जन्मभर उभं राबवलं, साधं स्टूल दिलं नाही, आणि आजच एवढा पुळका? नव्या कटरने कापडाची वाट लावली असेल, की सुपरवायझरचा काही डाव? दिवसभर ते सगळ्यांकडे तिरकं बघत राहिले.

घरी येऊन ते बायकोला एवढंच म्हणाले, "सोडत नाहीत गं मला."

गेल्या सुट्टीत मास्तरांनी उंचीप्रमाणे लावून ठेवलेले डबे ती पुन्हा आपल्या सोयीने लावत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं! पण खुर्चीला पाठ आहे ना? तसं बजावलं होतं मी मॅनेजरला."