एकसष्टावं मिनिट

कानसेनने भाऊच्या माईकवरचा जुना स्पंज काढला, खिशातला नवा चढवला आणि स्टँडची उंची भाऊच्या हनुवटीच्या बेताने लावली. मग एक पाऊल मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं आणि स्टँड अर्धा इंच खाली घेतला. भाऊ गाताना जरा पोक काढायचा.

"रोज बदलतोस स्पंज?" रंगमंचाच्या कडेला उभे असलेले टक्केसाहेब म्हणाले.

"रोज."

"का? अजून थुंकतो का तो?"

कानसेनने जुना स्पंज खिशात टाकला. भाऊला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

टक्केसाहेब कंपनीचे दौराप्रमुख. त्यांना दुसरं काही नावही असावं, पण सगळा जन्म टक्क्यांत मोजण्यात गेल्यामुळे ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. बायकोची तब्येत विचारली, तर "ऐंशी टक्के बरी आहे" म्हणायचे. उरलेल्या वीस टक्क्यांचं काय, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. माणूस दुष्ट मात्र नव्हता. भाऊच्या अंत्ययात्रेत ते रडले होते, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बैठकीत त्यांनीच विषय काढला होता की, मागच्या आठवड्यातल्या त्या शेवटच्या कार्यक्रमाची चित्रफीत करायची म्हणून बारा कॅमेरे लावले होते ना? आणि प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा टिपला होता ना? मग?

त्या 'मग'वर आता चौसष्ट माणसांची पोटं चालली होती. बँडमधले बाकीचे तिघे रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवत, आणि मधोमध मोठ्या पडद्यावर भाऊ गात असे. त्याच्यापुढे त्याचा खरा माईक, खरा स्टँड आणि एका स्टुलावर कोमट पाण्याचा पेला.

गाण्यांवर पैसे मिळायचे दिवस केव्हाच सरले होते. भाऊचं सगळ्यांत गाजलेलं गाणं लोकांनी फोनवर एक लाख वेळा ऐकलं, की बँडमधल्या चौघांना मिळून एकदा बाहेर जेवता यायचं, तेही शेवटी गोड काही न मागवता. पोट भरायचं ते कार्यक्रमांवर. त्यातही तिकिटाचे पैसे सभागृह, दिवे, ट्रक, विमा आणि कंपनी असे रांगेने येऊन खाऊन जात. उरायचे टीशर्ट. त्यातलाही चौथा हिस्सा सभागृह पुन्हा मागून घेई, आपल्या भिंतीशी टेबल मांडू दिल्याबद्दल. बारा हजार माणसं गाणं ऐकायला येत, आणि घरं मात्र सुती कापडावर चालत.

अशा धंद्यात मेल्यानंतरचा भाऊ म्हणजे देणगीच होती. जिवंतपणी तो साउंडचेकला तासभर उशिरा यायचा, हॉटेलची खोली तीनदा बदलून घ्यायचा, घशाच्या डॉक्टरला सोबत फिरवायचा. आता रोज ठरल्या सेकंदाला हजर. नवे टीशर्टही छापून आले होते. पहिल्या छपाईवर 'शेवटचा दौरा' असं होतं. ते इतके खपले, की नव्यांवर 'शेवटचा दौरा : वर्ष दुसरं' असं लिहिलं होतं.

त्या दुसऱ्या वर्षाचे साठ कार्यक्रम एका सहीसाठी अडले होते. ती सही वहिनींची, म्हणजे भाऊच्या बायकोची.

"आज येताहेत," टक्केसाहेब म्हणाले. "म्हणाल्या, आधी बघते, मग सही. एकतीस कार्यक्रमांत एकदाही आल्या नाहीत, आणि आजच कुठून सुचलं! तू जरा नीट बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतात."

कानसेनचा हात स्टँडवरच राहिला.

"आणि हे बघ, तो माईक बंद ठेवत जा. तूच सगळ्यांना सांगत असतोस ना?"

ते खरं होतं. माणूस रंगमंचावरून उतरला की त्याचा माईक बंद करायचा, हा कानसेनचा पहिला नियम. नव्याने कामाला आलेल्या प्रत्येकाला तो हा नियम एका निवेदकाची गोष्ट सांगून शिकवायचा. तो निवेदक कॉलरला माईक तसाच लावून आडोशाला गेला होता, आणि प्रायोजकांबद्दलचं त्याचं मत पहिल्या रांगेतल्या प्रायोजकांनीच ऐकलं होतं.

"उतरल्यावर बंद करायचा," कानसेन म्हणाला. "हा अजून उतरलेला नाही."

टक्केसाहेब हसले. कानसेन हसला नाही, तेव्हा त्यांनी घड्याळात पाहिलं.

*

वहिनी संध्याकाळी सहाला आल्या, एकट्याच. काखेत पर्स आणि हातात कंपनीने पाठवलेला कागदांचा लिफाफा.

"वहिनी, पहिल्या रांगेत मधली खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी," टक्केसाहेब म्हणाले.

"पहिल्या रांगेत मी कधीच बसले नाही. तिथून त्यांच्या नाकपुड्याच दिसतात." त्यांनी कानसेनकडे पाहिलं. "मी भावोजींपाशी बसते. जागा आहे ना हो?"

"आहे की," कानसेन म्हणाला.

त्याची जागा सभागृहाच्या अगदी मागच्या टोकाला होती, बाहेर जायच्या छोट्या दारालगत. सगळे आवाज कमीजास्त करायचा मिक्सर, दोन हेडफोन, एक घड्याळ. वहिनींना त्याने मदतनिसाची खुर्ची दिली. त्या बसल्या आणि दूरवरच्या रंगमंचाकडे बघत राहिल्या.

"तो पेला कशाला?"

"करारात आहे. गायकासाठी कोमट पाणी. करार बदलायला वकील लागतो, त्यापेक्षा पाणी स्वस्त."

"कमी होतं का हो?"

"थोडं. दिव्यांची उष्णता असते ना."

"असेल," वहिनी म्हणाल्या.

दिवे गेले. बारा हजार माणसांनी एकदम श्वास घेतला आणि पडद्यावर भाऊ आला. वहिनींनी पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. पहिली तीन गाणी त्या हलल्या नाहीत. चौथ्याला म्हणाल्या, "शर्टाचं वरचं बटण मी लावून दिलं होतं. काढलंय बघा." एवढंच.

कानसेनचं लक्ष घड्याळावर होतं. बावीस. एकतीस. चाळीस.

या धंद्यात बाहेरच्यांना ठाऊक नसलेली एक वस्तू असते. ड्रमच्या शेजारी तोंडाच्या उंचीला एक बारका माईक लावलेला असतो. त्याचं बटण पायाने दाबून गायक बोलला, की ते लोकांना ऐकू जात नाही. फक्त मिक्सरवरच्या माणसाच्या कानात जातं. मिक्सरवरच्या माणसाने आपलं बटण दाबलं, की त्याचं उत्तर फक्त गायकाच्या कानात. भाऊने त्याचं नाव ठेवलं होतं कुजबुज्या. वीस वर्षं भाऊने त्यातून फक्त कानसेनशी संसार केला होता. कान्या, गिटार कमी कर, डोकं उठलंय. कान्या, तिसऱ्या रांगेतला माणूस झोपलाय बघ, याला तिकिटाचे पैसे परत द्या. जगात एकटा भाऊच त्याला कान्या म्हणायचा.

त्या शेवटच्या कार्यक्रमात सगळ्यांचे आवाज टिपले गेले, तसा कुजबुज्याही टिपला गेला. पुढे कंपनीने कानसेनला ध्वनिफीत स्वच्छ करायला सांगितली. त्याने भाऊचा खोकला काढला, धाप काढली, घोट घेतल्याचा आवाज काढला. कुजबुज्या मात्र पुसायला त्याचा हात धजला नाही. तो त्याने फक्त स्वतःच्या हेडफोनमध्ये राहू दिला. त्यामुळे एकतीस संध्याकाळी भाऊ पडद्यावर बारा हजार लोकांसाठी गात होता आणि मधूनमधून कानसेनच्या कानात सांगत होता, गिटार कमी कर. आणि कानसेन गिटार कमी करत होता.

इथवर ठीक होतं. एकसष्टावं मिनिट ठीक नव्हतं.

"भावोजी," वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तुमचं ते कुजबुजायचं यंत्र. त्यातून बोलायचे ना ते तुमच्याशी?"

घड्याळात अठ्ठावन्न झाले होते.

"हो."

"त्या शेवटच्या कार्यक्रमाहून घरी आले, ते बूटही न काढता सोफ्यावर आडवे झाले. म्हणाले, मी कान्याला म्हटलं होतं, बंद करू या. मी विचारलं, मग? तर म्हणाले, मग काय, झालं पूर्ण. तुम्ही काय म्हणालात, ते सांगितलं नाही. नंतर ते होते ते चार दिवस मी विचारणार होते. आज विचारू, उद्या विचारू, बरे झाले की विचारू."

कानसेनने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. समोर गिटारवाला आपलं एकल वादन करत होता. ते दीड मिनिट चालायचं. खोटं बोलायला दीड मिनिट भरपूर होतं. एकतीस कार्यक्रमांत त्याने तीन-चार चांगली खोटी उत्तरं तयारही करून ठेवली होती.

"पंच्याहत्तर मिनिटांची अट असते, वहिनी. त्याच्या आत कार्यक्रम थांबला, तर तिकिटाचे अर्धे पैसे परत. आणि आम्हा सगळ्यांची त्या दिवसाची मजुरी अर्धी. मी म्हणालो..." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "मी म्हणालो, दोनच राहिलीत भाऊ. चौदा मिनिटं ओढ."

वहिनींनी मान हलवली. भाजीवाल्याने भाव सांगितल्यावर हलवावी, तितकीच.

"डॉक्टर म्हणाले होते, तसंही झालंच असतं," कानसेन म्हणाला.

"मलाही म्हणाले ते. सगळ्यांना म्हणत असावेत." त्यांनी टेबलावरच्या दुसऱ्या हेडफोनला हात लावला. "ते आहे यात? त्यांचं बोलणं?"

"आहे. एकसष्टाव्या मिनिटाला. माझं नाही, त्यांचंच. माझं बोलणं टिपण्यासारखं कोणाला वाटलं नव्हतं. तिथे नुसते सहा सेकंद मोकळे आहेत."

"मग तुम्ही रोज काय करता त्या सहा सेकंदांत?"

कानसेनने त्यांच्याकडे पाहिलं. हे त्याने अजून कोणाला सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्याने त्याला सुटी घ्यायला लावली असती.

"उत्तर देतो. बंद करू या म्हणतो. खाली बस म्हणतो, डॉक्टरला बोलावतो म्हणतो. एकदा शिव्याही घातल्या."

"आणि ते?"

"ते एकच म्हणतात. आणि गायला लागतात."

वहिनींनी हेडफोन कानांवर चढवला. केस नीट केले, जणू कोणी बघणार होतं. मग मिक्सरवर ओळीने असलेल्या बटणांकडे पाहिलं.

"कुठलं?"

त्याने दाखवलं. लाल, कडेचं.

साठ. गिटार थांबली. टाळ्या झाल्या. पडद्यावर भाऊ प्रेक्षकांकडे पाठ करून ड्रमच्या दिशेने गेला. लोकांना वाटायचं, भावना अनावर झाल्या. काहीजण इथेच डोळे पुसत. भाऊने पाय पुढे टाकून बटण दाबलं.

"कान्या." हेडफोनमध्ये तो अगदी जवळून बोलला, उशीशेजारून बोलावा तसा. "दम पुरत नाहीये रे. बंद करू या का?"

वहिनींनी लाल बटण दाबलं.

"झालं तेवढं पुरे," त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक द्यावी, तसा आवाज. "चला, घरी चला."

एक सेकंद गेला. आणखी एक.

"बरं," भाऊ म्हणाला. "तुझंच खरं."

कानसेनने हे वाक्य एकतीस वेळा ऐकलं होतं. प्रत्येक वेळी त्यात एक थकलेला माणूस पुन्हा ओझं उचलायचा. आज तेच शब्द, तोच दम, तीच मधली जागा. पण ओझं खाली ठेवल्यासारखं ऐकू आलं. त्याने चमकून घड्याळ पाहिलं. साठ मिनिटं, पन्नास सेकंद. सगळं जागच्या जागी होतं.

वहिनींनी हेडफोन काढून वायर गुंडाळली आणि तो टेबलावर ठेवला. पर्स काखेला लावली. लिफाफा तसाच टेबलावर राहिला, चिकटवलेला, न फोडलेला.

"येते भावोजी. एकदा जेवायला या घरी."

"वहिनी..."

"या खरंच. ते गेल्यापासून जेवताना कान्याच्या गोष्टी सांगायला कोणी नाही."

त्यांनी मागचं छोटं दार उघडलं. बाहेरच्या व्हरांड्यातला पिवळा उजेड आत आला. त्या बाहेर पडल्या, पण दार लगेच सोडलं नाही. वळून, एका हाताने दार धरून क्षणभर उभ्या राहिल्या, जड सामान घेऊन मागून कोणी सावकाश येत असावं आणि त्याला वाट द्यायची असावी, तशा. मग जरा बाजूला सरकल्या. मग दार आपणहून, हलकेच लागलं.

रंगमंचावर ड्रमवाल्याने काठ्या आपटून चार मोजले. पडद्यावरचा भाऊ माईकपाशी परतला होता आणि बाराव्या गाण्यासाठी तोंड उघडत होता. टेबलावरचा फोन थरथरला; वर टक्केसाहेबांचं नाव होतं.

कानसेनने फोनकडे पाहिलं नाही. तो बंद दाराकडे बघत होता. आणि त्याचा हात, वीस वर्षांच्या सवयीने, कोणाला न विचारता मिक्सरवरच्या भाऊच्या माईकच्या सरकत्या खटक्यावर, फेडरवर गेला आणि फेडर खाली ओढून त्याने तो माईक बंद केला.