डावीकडे कलंडणारा पाळणा

पाळण्याच्या आतल्या बाजूला मी यंत्राचं तोंड टेकवलं आणि तीस सेकंद हात हलू दिला नाही. पडद्यावर आकडा आला. जागा बदलून पुन्हा मोजलं. अशा अकरा जागा झाल्या. अकराही ठिकाणी आर्सेनिक, म्हणजे साध्या भाषेत सोमल.

"किती आहे?" बाईंनी विचारलं.

"बाळ ठेवायचं सोडाच, हातमोज्यांशिवाय हात लावू नये इतकं."

बाई स्टुलावर बसल्या. आदिवासींच्या वस्तू संग्रहालयांतून आपापल्या गावी परत जाव्यात म्हणून या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी एकतीस वर्षं खटपट केली होती. निबंध लिहिले, समित्यांवर भांडल्या. "वस्तूला आधी घर असतं, नंबर नंतर मिळतो," हे माझ्यासारख्या रसायनशास्त्रवालीच्या डोक्यात त्यांनीच भरवलं. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या आणि हा पाळणा त्यांच्या हातून परत जाणारी शेवटची वस्तू होता. तो मूळचा ज्या डोंगरावरच्या वस्तीतला, तिथून एक आजी उद्या तो न्यायला येणार होत्या.

"वाळवी लागू नये म्हणून पूर्वी सर्रास पावडर मारायचे," मी म्हणाले. "पण कुणी मारली याची कुठे नोंद..."

"आहे." बाईंनी कपाटातून देखभालीची जुनी वही काढली आणि माझ्यासमोर उघडली. 'पाळणा. आतून-बाहेरून पावडर.' खालची सही मी माझ्या रजेच्या अर्जांवर कितीदा तरी पाहिली होती.

"पहिली नोकरी, चौथा दिवस," बाई म्हणाल्या. "साहेबांनी डबा हातात दिला. मी एकही कोपरा सोडला नाही. शाबासकी मिळाली होती मला."

आमच्या संग्रहालयाच्या संचालकांना पाळणा सोडायचा नव्हताच. त्यांना आता आयतं निमित्त मिळणार होतं. मी चाचरत म्हणाले, "बाई, अहवालात नुसतं 'थोडंफार आढळलं' असं लिहिलं तर?"

"अकरा आकडे, अकरा ओळी. आणि त्या वहीच्या पानाची प्रत जोड."

दुसऱ्या दिवशी संचालकांनी अहवाल वाचला. "फार वाईट झालं हो," ते म्हणाले. चेहऱ्यावर मात्र तसं काही दिसत नव्हतं. "पण सुरक्षेचा प्रश्न आहे. पाळणा आमच्याकडेच राहू दे."

समोर आजी बसल्या होत्या, शेजारी त्यांचा भाचा. तो वस्तीतला सुतार. बाई उठून आजींच्या खुर्चीपाशी गेल्या.

"आजी, हे विष मी टाकलंय. माझ्या हातांनी."

आजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तेव्हा केवढी होतीस?"

"तेवीस वर्षांची."

"म्हणजे पोरच." मग आजी संचालकांकडे वळल्या. "विष तुम्हीच कालवलंत, आणि विष आहे म्हणून ठेवूनही तुम्हीच घेणार? बरं जमवलंत की!"

संचालक चष्मा पुसू लागले.

"साहेब, आम्हाला त्यात बाळ नाही ठेवायचं," सुतार म्हणाला. "तुमच्या पुस्तकातल्या फोटोवरून मी नऊ पाळणे केले. नऊच्या नऊ डावीकडे कलंडतात. असं का, ते मला बघायचंय."

"याच्या थोरल्याची मान बघा एकदा," आजी म्हणाल्या. "अजून वाकडी आहे."

"आत्या, तो जन्मतःच तसा आहे."

"तुझ्यावर गेलाय म्हण की."

संचालकांनासुद्धा हसू आवरेना. मी सुताराला हातमोजे दिले. ते त्याच्या बोटांत शिरेनात. "इथं माणसांची बोटं वाढत नाहीत का?" म्हणत त्याने ते कसेबसे ओढले आणि आम्ही दोघांनी पाळणा उलटा केला. तळाला, डाव्या पायाच्या खोबणीत, करंगळीएवढी पाचर ठोकलेली होती. फिकट, हलक्या लाकडाची.

"ही बघ! आत्या, ही पाचर! हिनेच डावी बाजू उचलून धरलीय. फोटोत कुठून दिसणार?"

आजी वाकल्या. "हे लाकूड मऊ. एरवी चार वर्षांत भुगा होतो याचा." मग बाईंना म्हणाल्या, "तुझी पावडर नसती, तर आज इथं नुसतं भोक दिसलं असतं."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी आजींचा हात धरला.

"रडू नकोस गं. एवढा एक थेंब पडला तर ही मुलगी पुन्हा यंत्र लावून बसेल."

मी बैठकांमध्ये कधी तोंड उघडलेलं नव्हतं. आता उघडलं. "सर, पाळणा इथंही तितकाच विषारी आहे. बंद काचेच्या पेटीत ठेवला, लहान मुलांपासून लांब ठेवला, हातमोज्यांनीच हाताळला, तर तिथंही तितकाच सुरक्षित राहील. मी लिहून सही करून देते."

संचालकांनी वहीच्या पानाच्या जोडलेल्या प्रतीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "अटी एका पानात बसवा," ते म्हणाले. मी अर्ध्या पानात बसवल्या. त्यांनी सही केली.

त्या दुपारी मी वहीत बाईंच्या जुन्या नोंदीखाली माझे अकरा आकडे लिहिले. शेवटचा रकाना होता 'सध्याचं ठिकाण'. बाईंनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि लिहिलं, 'घरी'.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी सुताराने फोटो पाठवला. दहावा पाळणा, नवीन लाकडाचा, आणि त्यात बरोब्बर मधोमध एक लिंबू. खाली लिहिलं होतं, 'सकाळपासून झोका देतोय. हललं नाही.'

बाईंनी फोटो दोनदा मोठा करून पाहिला. "लिंबाची मान सरळ आहे हो," त्या म्हणाल्या, आणि टेबलाचा खण रिकामा करायला लागल्या. मला त्यांचे आभार मानायचे होते. सकाळपासून वाक्य जुळवत होते. ते काही जमलं नाही, म्हणून मी त्यांचं खोकं उचललं आणि दारापर्यंत त्यांच्या मागे चालत गेले.