पाहुण्यांनी खाल्लेलं बियाणं

मी एतेम बोलतेय. बोटभर पातं आणि त्याला आडवी बांबूची कांडी, एवढीच मी. पश्चिम जावाच्या डोंगरातल्या बायका माझ्यानं भाताची एकेक लोंबी खुडतात, आणि तीही मला मुठीत लपवून. भातात देवी असते, पातं दिसलं की ती दचकते म्हणे. माझा अख्खा जन्म असा लपण्यात गेला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. आता वाटतं. वाईट कसलं, संताप येतो!

मोडक्या विळ्याच्या तुकड्यातून अंबू अर्सिहच्या आईनं मला करून घेतलं. पुढे मी लेकीकडे आले. अंबू म्हणजे आई. सगळं गाव तिला तसंच हाक मारतं. लोंबी खुडताना तिची बोटं थांबायची, दाणे चाचपायची, मग ती सुनेला म्हणायची, "कोकोम, ही खायची नाही. ही पेरायची." निवडलेल्या लोंब्यांच्या पेंढ्या कोठारात डाव्या कोपऱ्यात. काळ्या कुसळाचा भात तर आता फक्त तिच्याकडेच उरला होता. पाऊस दडी मारून बसला तरी तो उभा राहतो. कोठारात घरच्या बाईनंच जायचं, ही इथली रीत.

मग शहरातून 'शाश्वत विकास' आला. देशी बियाणं वाचवायचं म्हणून सभा भरली. बोलावणं कुटुंबप्रमुखांना.

"तुम्ही मंडप झाडा, कॉफीचं बघा," अंबूचा नवरा जुमादी म्हणाला. "बोलायचं आम्ही बघतो."

बायका झाडत होत्या, तेवढ्यात हा बाबा स्वतः कोठारात शिरला. पाहुण्यांना घरचा भात खिलवायचा होता ना! पेंढ्या काढल्या, खालच्या गावातल्या गिरणीत भरडल्या आणि तिथल्याच खानावळीतून भात शिजवून आणला. पाहुणे बोटं चाटत जेवले. जाताना जुमादीला प्रमाणपत्र दिलं: बीजरक्षक.

दुसऱ्या दिवशी अंबू कोठारातून रिकाम्या हातांनी बाहेर आली.

"डाव्या कोपऱ्यातल्या पेंढ्या कुठायत?"

"त्याच तर नेल्या! सगळ्यांत भरदार होत्या."

"बियाणं होतं ते."

"मग आधी सांगायचं ना!"

"तीस वर्षं सांगतेय. तुम्ही म्हणायचात, बायकांचं बायकांनी बघावं."

कोकोम चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "आबा, प्रमाणपत्र आहे ना? तेच पेरू या."

 अंबू आत चुलीपाशी आली.

भरदार दिसल्या म्हणून नेल्या! अरे, त्या भरदार कोणी केल्या? आणि बीज वाचवायला आलेल्या त्या शहाण्यांनी बीजच गिळलं. कॉफी देणाऱ्या हातांना एकानंही विचारलं नाही, की बाई, हा भात कुठला?

अंबूची नजर वर गेली ती माझ्याकडे. कापणीतल्या शेवटच्या लोंब्यांची जुडी एतेमसकट चुलीवर टांगायची असते. धुरानं काळवंडून मी तिथेच लटकत होते, काळ्या कुसळाच्या लोंब्यांमध्ये. अंबूनं जुडी उतरवली, मोजली. नऊ. फक्त नऊ.

आज त्या पाहुण्यांतले साहेब परत आलेत, बियाण्याची नोंद करायला. अंबूला बोलावणं नाही. तरी ती आलीय, कोकोमला घेऊन, आणि पुरुषांच्या रांगेतून थेट पुढे गेलीय. नऊ लोंब्या तिनं पदरात धरल्यात. मला मात्र मूठ उघडून टेबलावर ठेवलं. उजेडात, सगळ्यांसमोर! मीच दचकले.

"काळ्या कुसळाचा भात. माझ्या नावावर लिहा," ती म्हणाली.

"इथे आबांचं नाव आहे, अंबू. कुटुंबप्रमुख म्हणून."

"खोडा."

साहेब जुमादीकडे बघतायत. जुमादी जमिनीकडे बघतोय. पेन हवेत थांबलंय.

खोडा ना, साहेब. या नऊ लोंब्या कुठे, कधी पेरायच्या हे या मंडपात एकटी तीच जाणते. तिला न विचारता तुम्ही एकदा जेवलात, ते पुरे झालं. भातासमोर मी पुन्हा मुठीत लपेन. तुमच्यासमोर आता नाही.