अर्धी भिंत नगरपालिकेची

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे, दोन घरांच्या मधली. माझ्या दोन्ही बाजूंना माणसं राहायची, त्यामुळे ऊन-पाऊस म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं.

मला एका गवंड्याने बांधलं. त्याला दोन मुलगे. पोरं पुढेमागे भांडणार हे ओळखून त्याने नदीकाठच्या आपल्या घरात मधोमध मला उभं केलं. आतली भिंत म्हणून माझ्या विटा नुसत्या मातीत रचल्या, सिमेंट बाहेरच्या भिंतींना वापरलं. तो गेल्यावर थोरल्याने माझ्यात खिळे ठोकले, सुतारकाम करणाऱ्या धाकट्याने फळ्या ठोकल्या. दोन्ही जावा मला कान लावून एकमेकींच्या घरातली भांडणं ऐकायच्या. वर आल्यागेल्याला सांगायच्या, भिंत कशी दणकट आहे!

दर पावसाळ्यात नदी घरात शिरायची. एका वर्षी तिने थोरल्याचं मागचं दार फोडलं आणि त्याच्या बायकोला फरफटत नेलं. धाकट्याने उडी घेतली आणि वहिनीला केसांना धरून बाहेर खेचलं. मूठभर केस त्याच्या हातात आले, पण बाई वाचली.

त्यानंतर नगरपालिकेने पूररेषेतली घरं पाडण्यासाठी विकत घ्यायला सुरुवात केली. थोरल्याने लगेच होकार दिला. धाकटा भडकला.

"वहिनीला ओढून काढलं, ते तू पळून जावंस म्हणून?"

"तू मर इथे! मला माझी बायको जिवंत हवी आहे."

धाकट्याने त्याची गचांडी धरली आणि त्याचं डोकं माझ्यावर आपटलं. त्याचं रक्त माझ्या चुन्यात मुरलं. दुसऱ्या दिवशी थोरला सामान घेऊन निघून गेला.

मग यंत्र आलं. लोखंडी पंजाने थोरल्याचं छप्पर फोडलं आणि माझ्यात रुतलेल्या तुळया दात उपटावेत तशा उपटल्या. पलीकडे धाकट्याच्या बायकोच्या शेगडीवर विटा कोसळल्या आणि उकळतं पाणी तिच्या पायावर सांडलं. ती तशीच लंगडत बाहेर आली आणि पहारीने तिने यंत्राची काच फोडली.

"आता माझ्यावरून चालव!"

"बाई, नियमाने अर्धी भिंत आमची आहे," नगरपालिकेचे साहेब म्हणाले. "तरी सोडतोय. उपकार माना."

डोंबलाचे उपकार! आतली भिंत एका दुपारात बाहेरची झाली. पावसाने माझ्या विटांमधली माती ओढून काढली. माझं पोट फुगलं, अंगभर तडे गेले. धाकटा नाक मुठीत धरून साहेबांकडे गेला.

"माझंही घर घ्या."

"योजना संपली. पुढची आली की बघू."

"मग भिंतीला बाहेरून टेकू तरी लावू द्या."

"ती जागा आता नदीची. तिथे काहीही उभं करता येत नाही."

हे थोरल्याच्या कानावर गेलं. तो न बोलावता लाकडी टेकू घेऊन आला. भांडण मिटलं नव्हतं, पण एकाने टेकू धरला आणि दुसऱ्याने मेख ठोकली. काम उरकतंय तोच यंत्र परत आलं. अतिक्रमण म्हणून त्याने टेकू उडवले. एक तुटून थोरल्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मलाही आला.

"दादा!" धाकटा किंचाळला.

"घर सोड," थोरला विव्हळत म्हणाला. "माझ्याकडे चला."

"तुझ्या त्या एका भाड्याच्या खोलीत? आणि घर रिकामं दिसलं की हे नगरपालिकावाले फुकटात पाडतील, दादा."

आता नदी माझ्या पायाशी आली आहे. मी डुगडुगते आहे. धाकट्याच्या बायकोने खाट सरकवून समोरच्या भिंतीला लावली आहे. तिला वाटतं, तिथवर मी पोहोचणार नाही. मित्रांनो, मला माझी उंची ठाऊक आहे. ती खोली तेवढी रुंद नाही.

तुमच्यापैकी कोणाचे आईबाबा, काका, मामा नगरपालिकेत असतील, तर त्यांना आजच सांगा. मला वाचवू नका, खुशाल पाडा. पण आधी त्या नवराबायकोला चांगलं घर द्या आणि इथून बाहेर काढा. माझ्याच्याने आता उभं राहवत नाही.